कोऱ्या खांद्यांची कॅप्टन

गंगासागर पाटोळे दिसायच्या आधी ऐकू यायची. अंगानं इतकी बारीक, की मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभी असली तर कुणी खाकी कपडे वाळत घातलेत असं वाटावं. पण तिथून तिनं ‘सावधाऽऽन’ अशी हाक घातली, की आमच्या टाचा आपोआप जुळायच्या आणि कुंपणाच्या बाभळीवर बसलेले बगळे धरणाच्या दिशेनं उडून जायचे. एवढ्याशा छातीत एवढा आवाज मावतो कुठे, हे आम्हाला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं.

ती आमची कॅडेट कॅप्टन होती. माझ्यापेक्षा एकाच वर्षानं मोठी. आज मी गेवराईतल्या एका शाळेत शिकवते आणि बारावीच्या मुली खिदळत रस्त्यानं जाताना बघते, तेव्हा वाटतं, गंगासागर एवढीच तर होती. त्या वेळी मात्र ती मला माझ्या आईपेक्षा मोठी वाटायची.

माजलगावच्या धरणापासून थोडं आत, उसाच्या फडांच्या मधोमध आमची निवासी सैनिकी प्रबोधिनी होती. अकरावी-बारावीचं शिक्षण आणि सोबत फौजी कवायत. दोन वर्षं इथे काढली की अधिकारी व्हायच्या परीक्षेला बसायचं. मुलींना घ्यायला सुरुवात होऊन फार दिवस झाले नव्हते. माझं तसं काहीच ठरलेलं नव्हतं. आमचं गेवराईत किराणा दुकान. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, सव्वीस जानेवारीला टीव्हीवर मुलींची तुकडी चालताना बघितली आणि दुपारच्या जेवणाला बसताना जाहीर केलं, ‘आपली पोरगी असं चालणार.’ झालं.

प्रबोधिनीत माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी खांद्याकडे बघायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या खांद्यावर हिरवी पट्टी असायची. ज्यांच्याकडे तुकडी दिलेली, त्यांना दोन पट्ट्या. आणि सगळ्यांत वर कॅडेट कॅप्टन. तिच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका लाल पट्टा. पहिल्या वर्षाला यातलं काही नाही. शर्टाच्या खांद्यावर कापडाची नुसती फीत, बाकी रिकामं. सुरुवातीला डोक्याला टोपीसुद्धा नाही. पायात काळे बूट नाहीत, पांढरे कॅनव्हासचे. रस्त्याच्या मधून चालायचं नाही, कडेनं पळायचं. मेसमध्ये मागच्या दारानं शिरायचं. दुसऱ्या वर्षाची कुणीही दिसली की थांबायचं, सॅल्यूट ठोकायचा आणि ‘जय हिंद, मॅडम’ म्हणायचं. आमची नावं कुणी विचारत नसे. आम्ही सगळ्या ‘कोऱ्या’. ‘ए कोरी, हिकडं ये.’ मग जिच्यावर नजर पडली तिनं पळत जायचं.

वर्दीचं कापड प्रबोधिनी द्यायची, शिवून मात्र घरून आणायचं. आप्पांनी ते आमच्या नेहमीच्या टेलरकडे, खाजाभाईंकडे टाकलं. खाजाभाई हरखून गेले. शेटेंची पोरगी अफसर होणार, तर वर्दी अफसरासारखी नको का? त्यांनी कुठून तरी पितळी तारे पैदा केले आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर तीन-तीन टाचून दिले. आप्पांना ते इतके आवडले, की मला वर्दीत दुकानाच्या पायरीवर उभं करून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं.

पहिल्या सकाळी मी तशीच रांगेत जाऊन उभी राहिले. डावी-उजवीकडे सगळे खांदे रिकामे, आणि माझे उन्हात चमकतायत. गंगासागर रांग तपासत माझ्यासमोर आली. थांबली. माझ्या खांद्यांकडे शांतपणे बघितलं. मग तिनं खाडकन टाचा जुळवल्या आणि मला कडक सॅल्यूट ठोकला.

“जय हिंद, कॅप्टन साहेब! कधी आलात?”

मी म्हणाले, “काल.”

“जीपनं आलात?”

“यष्टीनं.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“कोण हसलं ते? साहेब यष्टीनं आल्या, त्यात हसायसारखं काय हाय?” ती गरजली. मग पुन्हा माझ्याकडे वळली. “आन् लढाई कुठली मारलीत, साहेब?”

मला रडू फुटलं. तेव्हा ती अगदी जवळ आली, आणि ज्या आवाजानं बगळे उडायचे तो कुठल्या कुठे गेला. “कावून रडायलीस? कुणी लावले हे?”

“टेलरनं. आप्पांना आवडले.”

तिनं खिशातून ब्लेडचं पान काढलं आणि सगळी तुकडी सावधानमध्ये ठेवून एकेक टाका उसवला. कापडाला कुठे ओरखडा उठू दिला नाही. सगळे तारे माझ्याच रुमालात बांधून माझ्या हातात दिले. “पेटीत ठेव. टेलरला काही बोलू नकोस. मायेनं लावलेत त्यानं.” आणि मग एक पाऊल मागे सरकून, परत त्याच मोठ्या आवाजात, “कोरी शेटे, मैदानाला चक्कर! पळ!”

मी पळाले. पळताना लक्षात आलं की तिनं माझं नाव घेतलं होतं.

वर्दीच्या बाबतीत तिचं वेड आम्ही रोज बघायचो. मेसमध्ये भात झाला की ती पेज मागून घ्यायची आणि शर्टाला खळ करायची. तिकडे विजेचा भरवसा नव्हता. म्हणून चुलीतले निखारे पितळेच्या तांब्यात भरून, पकडीत धरून ती इस्त्री फिरवायची, आणि पॅंटची घडी अशी पडायची की हात लावायला भीती वाटावी. अंगावर वर्दी असेपर्यंत ती बसायची नाही. बसलं की गुडघ्याला चुण्या पडतात. जेवायचीही उभ्यानं, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. वर्गात बसावंच लागे, तेव्हा बाकाच्या अगदी कडेला टेकायची.

ती कधी ‘शाब्बास’ म्हणायची नाही. तुम्ही जीव तोडून काही केलं, तर फार तर ‘चालतंय’ म्हणायची. ते ‘चालतंय’ मिळवायला आम्ही धडपडायचो. सकाळच्या धावण्यात आधीच्या कॅप्टन पुढे पळायच्या असं ऐकलं होतं. ही सगळ्यांत मागे, जी रखडत असेल तिच्या मागून पळायची. हुकूम हिंदीत आणि शिव्या मराठीत. आमचे प्राचार्य निवृत्त कर्नल होते, शुद्ध आणि बेताचं बोलणारे. त्यांच्यासमोरही तिचं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ तसंच यायचं. साहेब एकदा म्हणाले, “पाटोळे, ‘आहे’ म्हणायला शिका.” ती म्हणाली, “व्हय साहेब, शिकायलेय.”

आणि बूट पॉलिश करताना ती गुणगुणायची. देशभक्तीची गाणी नव्हे, वरातीतली. गाल फुगवून, तोंडानं पीऽपी करत, आणि ब्रश खाली ठेवून बोटं हवेत अशी नाचवायची जणू कशाची तरी भोकं झाकतेय-उघडतेय. आम्ही तिच्या माघारी तिची नक्कल करून हसायचो.

एक गोष्ट मात्र तिनं आमच्याकडून घोटून घेतली होती. बाकीच्या मॅडम आमच्या सॅल्यूटला नुसती मान हलवायच्या, कधी तीही नाही. गंगासागर प्रत्येकीला थांबून परत सॅल्यूट करायची. हातात बादली असली तर ती खाली ठेवून. मी एकदा धीर करून म्हणाले, “मॅडम, आम्हाला नाही केला तरी चालतो.”

“कुणी सांगितलं? आलेला सलाम परत गेला पायजे. समोर कोण हाय ते आपण बगायचं न्हाई.”

नसरीनची गोष्ट सांगितल्याशिवाय गंगासागर पुरी सांगून होणार नाही. नसरीन आमच्याच वर्षाची, माजलगावच्या एका फळवाल्याची मुलगी. फार लाजरी. पावसाळ्यातली सकाळ होती. रात्री पाऊस होऊन गेल्यामुळे मैदानातली काळी माती नुसती लोण्यासारखी झाली होती. त्या दिवशी साहेब वर्दी तपासायला येणार होते, म्हणून आम्ही कडक खळीत उभ्या. शेजारीच मुलांची तुकडी. गंगासागर रांगेच्या मागच्या बाजूनं बघत येत होती. नसरीनच्या मागे तिची पावलं क्षणभर थांबली, पुढे गेली. समोर येऊन उभी राहिली आणि एकदम ओरडली, “स्क्वॉड, लेऽट!”

आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. या चिखलात? या कपड्यांनी? तेवढ्यात ती स्वतः आडवी झाली. घडीला हात न लावणारी ती गंगासागर त्या काळ्या रबड्यात पाठीवर पडली आणि गडागडा लोळली.

“लोळा! समद्या लोळा! कुणाच्या अंगावर कोरडी जागा दिसली तर माझ्याशी गाठ हाय!”

आम्ही लोळलो. मनातल्या मनात तिचा उद्धार करत लोळलो. उठलो तेव्हा सगळ्या सारख्याच काळ्या झालो होतो, कोण कुठली ते ओळखू येत नव्हतं. मुलांच्या तुकडीत हशा पिकला होता. साहेब आले आणि बघतच राहिले.

“पाटोळे, हे काय?”

“साहेब, रांग वाकडी होती. शिक्षा दिली.”

“आणि तुम्ही का?”

“रांग मी शिकवलेली हाय, साहेब.”

त्यांनी सगळ्यांना कपडे बदलायला पाठवून दिलं. नळावर ती वर्दी घासताना आमची तोंडं थांबत नव्हती. लाल पट्टा डोक्यात गेलाय तिच्या, काय समजते स्वतःला, असलं काय काय. नसरीन तेवढी गप्प, कोपऱ्यात आपली पॅंट धूत होती. जरा वेळानं तिनं मान वर केली आणि म्हणाली, “तिला काही बोलू नगा. माझे कपडे खराब झालते. पाळी आलती मला, मलाच कळलं न्हाई. मागून तिनं बगितलं.”

नळ तसाच वाहत राहिला. गंगासागरनं पुढे कधी त्याचा विषय काढला नाही. संध्याकाळी तांब्यात निखारे भरून ती तीच पॅंट इस्त्री करताना दिसली.

मग पंधरा ऑगस्ट आला. माजलगावात झेंडावंदनाच्या मैदानावर संचलन होतं आणि मुलींची तुकडी पहिल्यांदाच त्यात चालणार होती. तोपर्यंत आम्हाला टोप्या मिळाल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा तिथे लग्नातला बँड उभा होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर जरीचे गोफ, टोपीला तुरा. त्या मंडळींच्या खांद्यावर एवढा ऐवज होता, की आमचे कर्नल साहेब त्यांच्यापुढे साधे दिसत होते. पुढे क्लॅरिनेट घेऊन एक वाळलेला माणूस होता. कोट त्याला दोन माप मोठा. गाल फुगवून तो देशभक्तीची धून वाजवत होता आणि बोटं भराभर नाचत होती.

ती बोटं मी कुठेतरी बघितली होती. एवढ्यात नसरीन कानाशी म्हणाली, “हे मॅडमचे वडील. पाटोळेमामा. आमच्या मोहल्ल्यातल्या समद्या लग्नात हेच वाजवतेत.”

मी गंगासागरकडे बघितलं. ती समोर बघत होती. पण टोपी नीट असताना तिनं ती पुन्हा नीट केली.

झेंडा वर गेला. संचलन सुरू व्हायच्या बेतात असताना कुणाच्या तरी डोक्यात आलं, की बँड नको, भोंग्यावर रेकॉर्ड लावू. बिल्ला लावलेला एक तरुण कार्यकर्ता धावत आला. “ए बँडवाले, बास आता. सरका तिकडं. फोटोत येऊ नगा बे!” आणि त्यानं पाटोळेमामांच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला ढकललं. टोपी खाली पडली. मामांनी ती उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली, आणि सगळा ताफा मैदानाच्या डाव्या अंगाला गटारीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

आम्ही निघालो. उजवीकडे मंच होता, त्यावर प्रमुख पाहुणे. मंच जवळ आला की गंगासागर ‘दाहिने देख’ म्हणणार, आम्ही माना उजवीकडे वळवणार, ती सॅल्यूट करणार. महिनाभर हेच घोटलं होतं. ती सगळ्यांत पुढे, लाल पट्टा लावून. मंचाच्या अलीकडेच डाव्या बाजूला तो बँड होता. आम्ही समोर आलो तसा क्लॅरिनेटवाला माणूस टाचा जुळवून ताठ उभा राहिला आणि त्यानं सॅल्यूट केला. उजव्या हातात क्लॅरिनेट होतं, म्हणून डाव्या हातानं केला. चेष्टेनं नव्हे. त्याचे डोळे तिच्या पट्ट्यावर होते आणि ओठ दाबून धरलेले.

गंगासागरचा आवाज फुटला, “बाऽऽएँ देख!”

हुकूम पाळायच्या सवयीनं आमच्या माना डावीकडे वळल्या. तिचा हात टोपीला गेला आणि तिथेच राहिला. बँडमधला ढोलवाला, झांजवाला, सगळे एकामागून एक ताठ उभे राहिले. आमचे बूट आपटत होते आणि ती सगळी तुकडी गटारीच्या कडेला उभ्या असलेल्या लाल कोटांना सलामी देत चालली होती. तिकडे मंचावर पाहुणे हात वर करून उभे, आणि त्यांच्यासमोरून आमच्या टोप्यांची मागची बाजू जात होती. ‘सामने देख’ आलं, तेव्हा मंच मागे पडला होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मैदानात उभं केलं. साहेबांना रात्रभर फोन आले असावेत. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाजही चढवला नाही.

“पाटोळे, काल तुम्ही कुणाला सलामी दिली?”

“बँडवाल्याला, साहेब.”

“का?”

“त्यांनी आधी दिलती, साहेब. आलेला सलाम परत करायचा, असं आपल्याकडं शिकवत्यात.”

मला वाटतं, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते तिला वाट करून देत होते. “ते तुमचे कोण लागतात?”

एक शब्द, आणि सगळं मिटलं असतं.

गंगासागर म्हणाली, “बँडवाले हायेत, साहेब.”

साहेबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, “पट्टा काढा.”

तिनं तो स्वतः काढला, नीट घडी केला आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला. खांद्यावरची हिरवी पट्टीही उतरवली. वर्ष संपेपर्यंत कॅडेट पाटोळे पहिल्या वर्षासोबत राहील, असा हुकूम झाला. ती वळली, पळत पळत आमच्या शेवटच्या रांगेत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिचा खांदा माझ्या खांद्याच्याही खाली होता. इतकी बुटकी आहे ती, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतरचे दिवस मी आजही पुनःपुन्हा आठवून बघते. ती आमच्या बराकीत राहायला आली. शिक्षा नुसती नावाला नाही, तिनं ती पुरती पाळली. रस्त्याच्या कडेनं पळायची. मागच्या दारानं मेसमध्ये यायची. कालपर्यंत तिच्या हाताखाली असलेल्या, तिच्याच वर्गातल्या मुली समोरून आल्या, की थांबून खणखणीत ‘जय हिंद, मॅडम’ म्हणायची. त्या बिचाऱ्या ओशाळायच्या. तिच्या जागी नवीन कॅप्टन झालेली जाधव एकदा रडकुंडीला आली. “गंगे, मला नको ना म्हणूस मॅडम.”

“कावून? तुज्या अंगावर पट्टा हाय. लाजतीस कशाला? आन् तो जरा वर घे, ढिला पडलाय.”

सुट्टीच्या दुपारी ती आमच्यात येऊन बसायची. वर्दी नसली की ती वेगळीच मुलगी होती. मांडी घालून बसायची, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेऊन तोंड माखेपर्यंत खायची, बँडमधल्या गमती सांगायची. नवरदेव घोड्यावरून पडला तेव्हा अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, वाजवणं थांबवलं नाही, उलट लय वाढवली, हे सांगताना तिला हसू आवरत नसे. लहान असताना ती वरातीत अण्णांच्या पुढे चालायची आणि ढोलांच्या वर आवाज काढून लोकांना ‘सरका, सरका’ म्हणायची. तो आवाज तिथून आला होता.

एकदा मी विचारलं, “मॅडम, तुम्ही त्या दिवशी वडील आहेत म्हणून का नाही सांगितलं? साहेबांनी सोडलं असतं.”

ती चटणीचं बोट चाटत म्हणाली, “सोडलं असतं की. म्हणले असते, पोरगीय, माया आली, जाऊ द्या. मग अण्णाला दिलेली सलामी चुकून दिली असं झालं असतं.” थोड्या वेळानं म्हणाली, “मी चुकून न्हवती दिली.”

पुढच्या भेटीच्या रविवारी पाटोळेमामा आले. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हातात कागदाच्या पुड्यात गुळाच्या पाकात घोळलेली गुडीशेव. लाल कोटाशिवाय ते फारच लहान दिसत होते. तो कोट बँडच्या मालकाचा होता, लग्न झालं की उतरवून परत द्यायचा. लिंबाखाली आम्ही सगळ्या आपापल्या माणसांजवळ बसलो होतो, गंगासागर तेवढी वर्दीत म्हणून उभी. मामांनी लेकीकडे बघितलं.

“पट्टा कुठं गेला गं?”

“धुवाय टाकलाय, अण्णा.”

“आन् खांद्यावरली हिरवी?”

“ती बी.”

मामा तिच्या रिकाम्या खांद्याकडे बघत राहिले. फितीवर जिथे पट्टी होती तिथलं कापड जरा गडद राहिलं होतं. त्यांनी हात पुढे केला, तिथला एक सुटा दोरा बोटानं तोडून टाकला आणि म्हणाले, “बरं. रंग जाऊ देऊ नगा म्हणावं.”

“न्हाई जात.”

मग त्यांनी पुडा सोडला आणि आम्हा सगळ्यांना हाका मारून गुडीशेव वाटली.

पट्टा तिला परत मिळाला नाही. निरोपाच्या संचलनात तिच्या वर्षाच्या मुली हिरव्या पट्ट्या लावून पुढे चालल्या आणि ती आमच्यात, शेवटच्या रांगेत. साहेब त्या दिवशी रांगा बघत शेवटपर्यंत आले. तिच्यासमोर थांबले. मग पुढे गेले. संध्याकाळी तिनं ट्रंक उचलली आणि आम्हा एकेकीला नावानं हाक मारून निघून गेली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अधिकारी व्हायच्या लेखी परीक्षेत ती पास झाली, मुलाखतीतून परत आली. पुन्हा बसली, पुन्हा परत आली. तिच्या ‘हाय’ आणि ‘न्हाई’मुळे असं तिची एक मैत्रीण म्हणाली. खरं काय ते तिलाच माहीत. मग ती सीमेवरच्या एका दलात साधी शिपाई म्हणून भरती झाली. म्हणजे पुन्हा पहिलं वर्ष, पुन्हा सगळ्यांत खालची. मी फौजेत गेले नाही. दुसऱ्या वर्षी मला हिरवी पट्टी मिळाली, आप्पांनी दुकानात पेढे वाटले, आणि मी बीएड करून गावातच राहिले.

तिला शेवटचं बघितलं ते गेवराईच्या स्टँडवर. मी कॉलेजला निघाले होते. सकाळची उन्हं फलाटावर आली होती. संभाजीनगरच्या गाडीपाशी ट्रंक घेऊन ती उभी होती, अंगात पिवळा पंजाबी ड्रेस, ओढणी गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेली. मी ओळखायच्या आधी तिनंच हाक मारली, आणि आख्ख्या स्टँडनं वळून बघितलं.

ती ट्रेनिंगला निघाली होती. आसामच्या बाजूला कुठेतरी. गावाचं नाव तिला नीट घेता येत नव्हतं. एकटीच होती. अण्णांना लग्नाची सुपारी होती, म्हणून ते आले नव्हते. आम्ही हसलो, नसरीनची चौकशी झाली, तिचं लग्न ठरल्याचं मी सांगितलं. मग कंडक्टरनं घंटी दिली, तशी तिनं माझा हात धरला.

“शेटे, तू रेल्वेत बसलीस का गं कवा?”

“एकदा. सोलापूरला.”

“मी न्हाई बसले अजून. लई लांब जायचंय.” तिनं आवाज बारीक केला. “झोप लागली, तर आपलं टेशन आलं हे कसं कळतंय?”

ही विचारत होती. जिच्या एका शब्दावर आम्ही चिखलात पडलो होतो, ती. मी म्हणाले, “शेजारच्या माणसाला सांगून ठेवायचं. ते उठवतात.”

“उठवत्यात ना?”

“उठवतात.”

तिनं मान हलवली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि गर्दीतून आत शिरली.

त्यानंतर एक-दोनदा फोन झाला. ‘लई गडबड हाय, मागून करते’ म्हणाली. मग तो नंबर दुसऱ्याच कुणाकडे गेला. पाटोळेमामांचं घरही आता माजलगावात नाही, मुलाकडे चाकणला गेले म्हणतात. मी नसरीनला विचारलं, जाधवला विचारलं. कुणालाच माहीत नाही. शाळेतून येताना महामार्ग ओलांडावा लागतो. उत्तरेकडे जाणारी लाल गाडी दिसली की माझे पाय थबकतात.

त्या सकाळी गाडी स्टँडमधून वळून बाहेर पडली, तेव्हा मी शेजारून थोडी धावले. खिडकीत ती दिसली. ट्रंक मांडीवर घेतलेली, तिच्या शेजारी नऊवारीतली एक म्हातारी. मी हात हलवला, पण तिचं लक्ष नव्हतं. ती त्या म्हातारीकडे वळून, हातवारे करून काहीतरी सांगायला लागली होती आणि म्हातारी मान डोलावत होती. मग मध्ये एक वाळूचा ट्रक आला, आणि तो गेला तेव्हा गाडी गोदावरीच्या पुलाकडे लांब निघून गेली होती.